पट्टीने खोडलेला पेपर

बेसिंगस्टोकच्या त्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता एक ओटा होता. त्या ओट्याच्या एका बाजूला आईची फोडणी आणि दुसऱ्या बाजूला माझं गणित, असा आमचा इंग्लंडमधला पहिला उन्हाळा गेला. फोडणीत मिरची पडली की छतावरचा धुराचा अलार्म केकाटायचा. मग आई कढई तशीच सोडून त्याच्याखाली टॉवेल हलवत उभी राहायची आणि हलवता हलवताच मला म्हणायची, "तू काहून थांबली? तू लिही." शेजारी एक म्हातारं जोडपं राहायचं. सुरुवातीला ते दार वाजवून सगळं ठीक आहे ना असं विचारायचे, पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं. अलार्म वाजला की आमच्याकडे जेवण झालं असं त्यांनी समजून घेतलं असावं.

नागपूरला असताना आई एका शाळेत गणित शिकवायची. गजभिये मॅडम म्हटलं की आमच्या भागातली अर्धी मुलं सायकलवरून उतरून चालायला लागायची. बाबांना इथल्या एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअरचं काम मिळालं, म्हणून तिने नोकरी सोडली आणि आम्ही आलो. बाबांना रोज ऑफिस होतं, मला निदान कॉलेज मिळायचं होतं, आईला काहीच नव्हतं. इथे तिला कुणी मॅडम म्हणत नव्हतं. खरं तर कुणी काहीच म्हणत नव्हतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. सोळाव्या वर्षी आपल्याला आपल्याशिवाय दुसरं कोण दिसतं? मला एवढंच कळत होतं, की आई माझ्या मागे हात धुऊन लागली आहे.

त्याला कारणही होतं. इथल्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, मला ए-लेव्हलचं गणित घ्यायचं होतं. प्रवेशाच्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी माझ्या दहावीच्या मार्कशीटकडे पुष्कळ वेळ पाहिलं, उलटं करून पाठीमागेही पाहिलं आणि गोड हसून सांगितलं, की या गुणांचा इथे नेमका काय अर्थ धरायचा ते त्यांना ठरवता येत नाही, तेव्हा मी प्लेसमेंट टेस्ट द्यावी. टेस्ट चांगली गेली तर ए-लेव्हल. नाही गेली तर दहावीचंच गणित वर्षभर पुन्हा, दुसऱ्या गटात, आणि ए-लेव्हलला गणित सोडून दुसरं काहीतरी. 'दुसरं काहीतरी' म्हणताना त्यांनी मानसशास्त्र, समाजशास्त्र, मीडिया अशी छानशी यादी वाचून दाखवली. 

बाकी कुणाला ती यादी आवडली असती. मला त्या प्रत्येक नावात बोलावं लागणारा एक वर्ग दिसत होता. माझं इंग्रजी कागदावर चालायचं, तोंडात अडायचं. बसच्या ड्रायव्हरला टाउन सेंटरचं सिंगल तिकीट मागायचं तरी मी स्टॉपवर उभी राहून मनात वाक्य घोकायचे, आणि बस आली की नेमकं 'प्लीज' विसरायचे. गणितात हा प्रश्न नव्हता. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत हे सांगायला उच्चार लागत नाहीत. ते गणित हातचं गेलं असतं तर त्या देशात माझ्याकडे मी हुशार आहे हे सांगायला काहीच उरलं नसतं. आज मी एडिनबरात एका हॉस्पिटलच्या आकडेवारीच्या विभागात काम करते, दिवसभर बोलते, मीटिंगमध्ये लोकांना मध्येच तोडते सुद्धा. पण बसमध्ये चढताना अजूनही तिकिटाचं वाक्य एकदा मनात म्हणून घेते.

तर आईने शिकवणी सुरू केली. लायब्ररीतून ती इथली गणिताची पुस्तकं पिशवी भरून घेऊन आली, चाळली आणि नाक मुरडलं. "गणिताच्या पुस्तकात पिझ्झा," ती म्हणाली. "आणि हे काय, स्केटबोर्ड. मुलं गणित कधी करतात?" पण त्यातली उदाहरणं मात्र तिने एकूण एक उतरवून काढली. दुपारची जेवणं आटोपली की ती वर जायची आणि गाऊन बदलून चांगला सलवार-कमीज घालून, केस विंचरून खाली यायची. घरात आम्ही दोघीच असायचो, तरी. "गाऊनमध्ये भाजी निवडता येते, गणित शिकवता येत नाही," हे तिचं म्हणणं. आणि खरंच, त्या कपड्यांत ती आईची मॅडम व्हायची. आवाजसुद्धा बदलायचा. मला 'प्रज्ञू' न म्हणता 'प्रज्ञा' म्हणायची.

तिचे नियम ठरलेले होते. समास पेन्सिलीने आखायचा. उत्तराखाली दुहेरी रेघ. हातचे, भागाकार, गुणाकार, सगळं कच्चं काम पानाच्या उजव्या पट्टीत, आणि उदाहरण संपलं की त्या कच्च्या कामावर पट्टी ठेवून एक तिरकी, स्वच्छ रेघ. फ्रीहँड रेघ मारली तर पुन्हा लिहायला लावायची. "पाहुणे आल्यावर आपण त्यांना बैठकीत बसवतो. मोरीत नेऊन भांडी दाखवत नाही," ती म्हणायची. "तपासणारा म्हणजे पाहुणा." महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणालाही हे सांगायला नको. शेवटच्या पानावर 'कच्चे काम' असं लिहायचं आणि पेपर देण्याआधी ते खोडायचं, हे आम्ही दात घासण्याइतकं शिकलो होतो. न खोडता पेपर देणं म्हणजे शर्टाची बटणं उघडी टाकून बाहेर पडणं.

महिन्यातून एका रविवारी आम्ही रीडिंगला जायचो. तिथल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये आपली काही बौद्ध कुटुंबं वंदनेला जमायची. वंदना झाली की डबे उघडायचे. आईच्या पातोडी-रश्श्याला मोठी मागणी असायची, आणि जाताना आम्ही तिथल्या दुकानातून सांबार, म्हणजे कोथिंबीर हो, जुड्यांनी घ्यायचो. त्या उन्हाळ्यात तिथे मला सगळे एकच विचारायचे. बाबांनी कौतुकाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की प्रज्ञा टेस्ट देणार आहे. जयभीमनंतरचं पुढचं वाक्य म्हणजे 'मग, मॅथ्सची तयारी कुठवर?' बँकेतले काका पाठ थोपटायचे, आयटीतल्या मावश्या आपापल्या मुलांच्या ग्रेड सांगायच्या. एक काका म्हणाले, "गजभिये मॅडमची मुलगी आहे, तिला काय टेन्शन?" आई हसली, पण परत येताना ट्रेनमध्ये तिने पर्समधून कागद काढला आणि मला वर्गसमीकरण घातलं.

त्या हॉलमध्येच मला ऋचा भेटली. इथेच जन्मलेली, माझ्याहून वर्षाने मोठी, आमच्याच गावात राहणारी आणि एक वर्ष आधी त्याच कॉलेजात गेलेली. ती आमच्या घरी यायची, ओट्यावर चढून बसायची आणि आईने केलेली सांबारवडी तव्यावरून थेट उचलून खायची. तिचं मराठी ऐकून आई आधी कळवळायची, मग हसायची. एकदा माझ्या वहीत डोकावून ती म्हणाली, "ओ माय गॉड, तुझा वही किती नीट आहे. पण वर्किंग दाखव हां तू. इथे वर्किंगला मार्क्स मिळते, आन्सरला थोडेसेच."

"पायऱ्या आम्ही लिहितोच," आई तव्यावरून म्हणाली. "पायऱ्यांचे मार्क काय तुमच्याकडेच असतात का?"

"नाही आंटी, मी फक्त सांगतो."

"सांगते," आई म्हणाली. "आधी ते नीट कर." आणि विषय तिथेच संपला. ऋचाने सांगितलेलं खरं होतं आणि आईचंही खरं होतं. दोघींची खरं असण्याची पद्धत वेगळी होती, पण ते कळायला अजून अवकाश होता.

टेस्टच्या दिवशी आईने दही-साखर दिली आणि कंपासपेटी तपासली. कॉलेजच्या हॉलमध्ये एकेका टेबलावर एकेक पुस्तिका ठेवलेली होती. आपल्याकडे प्रश्नपत्रिका वेगळी आणि उत्तरपत्रिका वेगळी. इथे सगळं एकातच छापलेलं. प्रश्न, त्याखाली बरीचशी मोकळी जागा आणि तळाशी उजवीकडे टिंबांची एक रेघ, तिच्याआधी 'उत्तर' असं छापलेलं. मी दोन घटका त्या पानाकडे पाहत राहिले आणि मग मला सगळं लख्ख समजलं. उत्तर टिंबांवर लिहायचं. मग वरची मोकळी जागा कशाला? अर्थातच कच्च्या कामाला; पक्क्या पायऱ्या या टेस्टला नकोच असणार. किती सोयीस्कर, मला वाटलं. आखायचीसुद्धा गरज नाही.

पेपर सोपा होता. आईच्या पिझ्झावाल्या पुस्तकांपेक्षाही सोपा. मोकळ्या जागेत मी पायरीखाली पायरी उतरवत गेले आणि टिंबांवर उत्तर लिहून दुहेरी रेघ मारत गेले. आजूबाजूची मुलं डोकं खाजवत होती, एक मुलगी खिडकीबाहेर पाहत केस गुंडाळत होती. वेळेच्या बऱ्याच आधी माझं झालं. मग मी पट्टी काढली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकेका मोकळ्या जागेवर पट्टी तिरकी ठेवून मी माझं सगळं काम खोडलं. एकही रेघ वाकडी गेली नाही. सगळं खोडून झाल्यावर पुस्तिका मिटली आणि हात मांडीवर ठेवून बसले. आयुष्यात तितक्या समाधानाने मी फार थोड्या वेळा बसले आहे.

घरी आल्यावर आईने प्रश्न विचारले, मी उत्तरं सांगितली, तिने मनात पडताळली. "सगळी बरोबर," ती म्हणाली. संध्याकाळी बाबांनी येताना केक आणला.

प्रवेशाच्या दिवशी मला वेळापत्रकाचा कागद मिळाला त्यात गणित होतं, पण दहावीचं. पुन्हा. मला वाटलं दुसऱ्या कुणाचा कागद आहे, पण वर माझंच नाव होतं. मी काही विचारलंही नाही. विचारायला वाक्य जुळवावं लागलं असतं. बाहेर बाबा गाडीत वाट पाहत होते, त्यांच्या हातात कागद दिला आणि रडले. बाबांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "काहीतरी चुकलंय त्यांचं. अपील करू." घरी आई मात्र अपील वगैरे काही बोलली नाही. ती कागदाकडे पाहून म्हणाली, "मला पेपर बघायचाय."

गणित विभागाच्या प्रमुख बाईंनी आम्हाला दुसऱ्या दिवशी भेटायला बोलावलं. उंच, केस पिकलेल्या, पायात चालायचे बूट. हात पुढे करून म्हणाल्या, मला जॅन म्हणा. आईला ते झेपण्यासारखं नव्हतं. तिने त्यांना शेवटपर्यंत जॅन मॅडम म्हटलं. आईचं इंग्रजी पुस्तकी आणि हळू होतं, पण एकही शब्द इकडचा तिकडे नाही. तिने सांगितलं, "मीही शिक्षिका आहे. माझी मुलगी घरी आली तेव्हा तिची सगळी उत्तरं बरोबर होती. ती नापास कशी झाली ते मला समजून घ्यायचं आहे."

"उत्तरं बरोबर आहेत," जॅनबाई म्हणाल्या. "जवळजवळ सगळीच. पण या टेस्टमध्ये उत्तराला एक गुण असतो, बाकीचे रीतीला." त्यांनी पुस्तिका उघडून आमच्यापुढे सरकवली. "आणि रीत तर हिने मागे घेतली आहे."

मी पाहिलं. पानोपानी माझ्या सुरेख तिरक्या रेघा.

"खोडलेलं आम्ही तपासत नाही," त्या म्हणाल्या. "विद्यार्थ्याने खोडलं म्हणजे त्याचा अर्थ, हे धरू नका. मला आश्चर्य वाटलं होतं. सगळं बरोबर करून या मुलीचा त्यावर विश्वास का नाही? मला खरंच काळजी वाटली तिची."

आईने पुस्तिका जवळ ओढली. तिने पान उलटलं, आणखी एक उलटलं. एका रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता ती मला झापणार, आणि झापलं असतं तर बरं झालं असतं. पण ती जॅनबाईंकडे पाहून म्हणाली, "हे मी शिकवलंय." मग तिने त्यांना समजावून सांगितलं. पाहुणा, बैठक, मोरीतली भांडी, सगळं. जॅनबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. आमच्याकडे खोडणं म्हणजे चूक कबूल करणं नसतं, आवरून ठेवणं असतं, हे ऐकल्यावर त्या मोठ्याने हसल्या आणि लगेच सॉरी म्हणाल्या.

दिलेले गुण बदलता येणार नव्हते. एकासाठी वाकवलेला नियम सगळ्यांसाठी वाकवावा लागतो, त्या म्हणाल्या, आणि आईने मान डोलावली. ती स्वतः हेच म्हणाली असती. पण उशिरा आलेल्या मुलांसाठी पुढच्या आठवड्यात आणखी एकदा टेस्ट होती, पेपर वेगळा, आणि तिला मी बसू शकत होते. ए-लेव्हलच्या वर्गात जागा थोड्या होत्या आणि ही शेवटची संधी होती, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, "आई, आता सोपंय. फक्त खोडायचं नाही." ती म्हणाली, "हो." एवढंच. घरी आल्यावर तिने लायब्ररीची पुस्तकं पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कंपासपेटी घेऊन ओट्याशी बसले तर ती गाऊनमध्येच खाली आली आणि भाजी चिरायला लागली. मी वाट पाहिली. शेवटी म्हटलं, "शिकवत नाहीस?"

"ऋचाला बोलाव," ती म्हणाली. "तिला इथलं माहीत आहे. मी शिकवते की बिघडवते तेच मला कळून नाही राहिलं."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं तो संताप. माझी परीक्षा आठवड्यावर आणि ही रुसून बसली. पण त्या दिवशी, आणि नंतरच्या दिवशीही, मी तिच्याकडे पाठ करून गणितं सोडवत असताना मला मागची सुरी कधी कधी थांबलेली ऐकू यायची. ती ऐकत होती. बाबांनी संध्याकाळी समजावलं, "अगं, तुझ्यामुळे तिची सगळी उत्तरं बरोबर आली ना?" ती म्हणाली, "अहो, उत्तरं बरोबर येऊन पोरगी नापास झाली, याच्याइतकं वाईट मास्तरपण असतं का?" आणि ताटं वाढायला घेतली. त्या दिवशीच्या भाजीत मीठ नव्हतं. आम्ही बापलेक मुकाट्याने जेवलो.

ऋचा आली, बसली, तिने मनापासून शिकवलंही. पण तिचा गणिताशी संबंध पास होण्यापुरता होता. मी अडले की ती म्हणायची, "मला पण हा नाही येते, आपण गूगल करू." ती गेल्यावर मला एक कल्पना सुचली, आणि आजही मला तिचा अभिमान आहे. मी मोठ्याने गणित करायला लागले. पायरी बोलायची आणि लिहायची. आणि मग मी मुद्दाम चुकायला लागले.

"तीन एक्स वजा सात बरोबर अकरा," मी ओट्याकडे पाठ करून म्हटलं. "सात पलीकडे नेले. तीन एक्स बरोबर अकरा वजा सात, म्हणजे चार."

सुरी थांबली. पुन्हा चालू झाली.

"पुढचं. कंस सोडवू. उणे दोन गुणिले उणे पाच, म्हणजे उणे दहा."

सुरी थांबली ती थांबलीच. "उणे उणे काय होतं?" आई म्हणाली. आवाज मॅडमचा होता.

"उणेच ना?" मी निरागसपणे म्हटलं. "दोन दोन उणे आहेत."

"सहावीत आहेस का तू?" ती म्हणाली. "आणि मघाशी सात पलीकडे नेताना चिन्ह काहून नाही बदललं? ते पुसू नको, राहू दे तसंच, मला बघू दे." हात गाऊनला पुसत ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी केलेल्या चुकांची ती लांबलचक माळ तिने वरपासून खालपर्यंत वाचली. ती तशी भोळी नव्हती, तिला कळलं असणारच. पण ती वर गेली, आणि खाली आली ती सलवार-कमीज घालून. अलार्म वाजला तेव्हा आमच्या दोघींच्याही लक्षात आलं की भाजी गॅसवर तशीच राहिली आहे.

त्यानंतर आम्ही जे केलं ते तिला फार जड गेलं. ती मला पसारा करायला शिकवत होती. पट्टी तिने स्वतःच काढून घेतली. चुकलं तर एक बारीक रेघ त्या आकड्यावर, बाकी सगळं जसं सुचलं तसं, प्रश्नाखालच्या मोकळ्या जागेत, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर. माझ्या पानाकडे पाहताना ती दात काढायच्या दवाखान्यात बसल्यासारखी दिसायची. पण बोलायची नाही. मीही तिच्यासाठी म्हणून अधूनमधून मुद्दाम चुकत राहिले. तिला पकडायला आवडायचं.

ती सवय अंगाशी आली. दुसऱ्या टेस्टला आम्ही मोजकीच मुलं होतो. पेपर आधीपेक्षा अवघड होता, पण मी घाबरले नव्हते, पायऱ्या मोकळ्या जागेत सांडत जात होत्या. शेवटचं मोठं उदाहरण होतं, त्याला सगळ्यात जास्त गुण. कंसाबाहेर उणे, आत उणे, आणि माझ्या हाताने, घरी इतक्यांदा लिहिलं होतं तसं, झोकात उणेच लिहिलं. मला कळलंसुद्धा नाही. त्या चुकीच्या आकड्यावर मी पुढचं सगळं व्यवस्थित रचत गेले.

मुलं थोडी असल्यामुळे जॅनबाईंनी पेपर लगेच तपासायला घेतले. आई बाहेर बाकावर बसली होती, तिलाही त्यांनी आत बोलावलं. शिक्षिका आहात, बसा, म्हणाल्या. मला वाटतं आईला इंग्लंडमध्ये त्याआधी कुणी असं आत बोलावलं नव्हतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि त्यांच्या हिरव्या पेनाकडे पाहू लागली. काही उदाहरणांत मी अडखळले होते, काही सुटलीच नव्हती. जॅनबाई बेरीज बाजूला लिहीत होत्या आणि ती बेरीज मला हवी तेवढी भरभर वाढत नव्हती. मग शेवटचं उदाहरण आलं. आईला चूक त्यांच्या आधी दिसली. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. 

जॅनबाईंनी उणेभोवती गोल केला, गुण कापला, आणि पुढच्या पायऱ्यांवर एकेक खूण करत खाली आल्या.

"माफ करा," आई म्हणाली. "पण हे चुकलं आहे."

"हो, इथे."

"मग पुढचं सगळं चूक आहे. पहिली पायरी चुकली. याला गुण मिळू शकत नाहीत."

मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. "आई, गप्प बस ना," मी मराठीत म्हटलं. तिने पाय बाजूला घेतला. ते गुण मला नाही मिळाले तर काय होणार हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. बेरीज तिनेही मनात केलेली होती. माझ्यापेक्षा लवकर केलेली असणार. तरी ती म्हणाली, "मी माझ्या वर्गात याला शून्य दिलं असतं. ही माझी मुलगी आहे म्हणून तुम्ही असं करू नका."

जॅनबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या चिडल्या नव्हत्या. तपासण्याच्या सूचनांचा कागद त्यांनी आईपुढे धरला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "सगळ्यांना हेच," त्या म्हणाल्या. "चूक तिने एकदा केली. त्यानंतर तिने जे जे केलं, ते त्या चुकीला धरून बरोबर आहे. एका चुकीची शिक्षा एकदाच. पुन्हा पुन्हा नाही."

आईने ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. "एकदाच," ती म्हणाली.

जॅनबाईंनी बेरीज पुरी केली, अगदी काठावर आणि काठाच्या आत, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सोमवारी वर्गात भेटू." मला तेव्हा जे वाटलं ते वर्णन करायला बसले तर उगीच लांबेल. पाय टेकले, एवढंच म्हणते. किती आठवडे ते हवेत होते ते मला टेकल्यावर कळलं.

कॉलेजच्या फाटकाबाहेर बसस्टॉपवर आईने बाबांना ऑफिसात फोन लावला. "अहो, मिळालं," ती म्हणाली. "हो, ए-लेव्हल. नाही, ऐका ना, शेवटच्या उदाहरणात ती चुकली होती, मी असते तर मार्क दिले नसते, मी सांगितलंसुद्धा त्यांना. पण त्यांच्यात असं आहे, की चूक एकदा झाली की तिची शिक्षा..." आणि तिथे तिला पुढे बोलता येईना. तिने फोन माझ्या हातात दिला आणि पदर नव्हता म्हणून ओढणी डोळ्यांना लावली. ती हसतही होती. बस येऊन आमच्यासमोर थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही चढत नाही म्हणून निघून गेला.

फोनमधून बाबा घाबरून विचारत होते, "काय झालं? ती रडते का? नाही मिळालं का?"

"मिळालं बाबा," मी म्हटलं. "दोघीही पास झालो."